दमयंतीनं विमान कधीच चालवलं नाही

दमयंती गेल्याची बातमी मला तिच्या भाच्याच्या मोबाइल स्टेटसवरून कळली. सकाळी कॉलेजातल्या नोकरीवर निघण्याआधी चहा पिता पिता मी मोबाइल चाळत होते आणि तिचा वर्दीतला जुना फोटो समोर आला. बाजूला पणती, भोवती तिरंग्याची चौकट. आधी वाटलं, वाढदिवस असेल... वाढदिवसाच्या फोटोला कुणी पणती लावत नाही, हे लक्षात यायला मला चार-पाच सेकंद लागले. तिच्या भावाला, नामदेवला, फोन लावला. त्यानं उचलला नाही. मिळेल ती एसटी पकडून मी अलिबागहून मुरुडला गेले. कोळीवाड्यात पोचले तेव्हा सगळं उरकून माणसं परत येत होती. नामदेवची बायको सुनंदा मला बघून कसनुशी झाली. "तुमाला फोन करायचा राहूनच गेला ताई," ती म्हणाली. "पहाटे गेली. गडबडीत कुनाला काय सुचलं न्हाय." मी म्हटलं, असू दे. बाराव्या वर्षापासूनची मैत्रीण, आणि मला तिचा चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही. पण राग धरायला तोंड नव्हतं. मला फोन करायचं कुणाला आठवलं नाही, यात माझाच वाटा मोठा आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तेराव्यानंतर मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. दारात मोठा फ्लेक्स होता. त्यावर दमयंतीचा फोटो, आणि तिच्या खांद्यामागून धूर सोडत निघालेलं लढाऊ विमान. खाली लिहिलं होतं, 'आपल्या मुरुडची वाघीण, वैमानिक दमयंतीताई'. एका पुढाऱ्यानं तिनं शत्रूच्या हद्दीवर विमान कसं नेलं, ते हातानं करून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग शोकसभा आहे हे आठवून थांबवल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, "ती माझी मैत्रीण होती" एवढं म्हणाले आणि खाली बसले. दमयंतीनं आयुष्यात एकदाही विमान चालवलं नव्हतं. ती हवाई दलात भाषेची अधिकारी होती, चिनी भाषेची. हे त्या हॉलमध्ये फक्त मला नीट माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

आम्ही मुरुडच्या शाळेत सातवीपासून एका बाकावर. माझे वडील पोस्टात होते. तिची आई, जिला सगळा गाव जनाबाय म्हणायचा, डोक्यावर टोपली घेऊन घरोघर मासळी विकायची. सुट्टीच्या दिवशी दमयंती तिच्याबरोबर फिरायची. तिचे कान तिथं तयार झाले. मोहल्ल्यात गेली की ती तिथल्या बायकांशी त्यांच्या कोकणीत बोलायची, बाजारातल्या गुजराती दुकानदाराशी गुजरातीत हिशेब करायची, आमच्या आळीत आली की पुस्तकातलं मराठी, आणि टोपली रिकामी झाली की आईशी पुन्हा कोळी. यात नक्कल अजिबात नसायची. ती त्या त्या घरची होऊन जायची. एकदा मी तिला विचारलं, "तुला गोंधळायला होत नाही?" ती म्हणाली, "गोंधळ कसला गो? माणूस तोंड उघडतं, मंग आपलं तोंड त्याच्यामागून जातं."

अलिबागच्या कॉलेजात मात्र हेच तोंड तिनं बंद ठेवलं. वर्गात ती बसली की बाकावरच्या दोन मुली सरकून बसायच्या. पहिल्या वर्षी एकीनं रुमाल नाकाला लावला. दमयंती पहाटे दोनदा साबण लावून अंघोळ करायची, आणि एसटीत चढल्यावर मला मनगट हुंगायला लावायची. "येतो का गं वास?" मी नाही म्हणायचे. शेवटच्या वर्षाला वर्तमानपत्रात हवाई दलाची जाहिरात आली, पदवीधर मुलींसाठी. ती कापून तिनं माझ्यासमोर ठेवली. मी विचारलं, "विमानं उडवणार तू?" ती म्हणाली, "काहीही करीन. मला अशा ठिकाणी जायचंय, जिथं माझ्या अंगाचा वास कुणी घेणार नाही. कपडे सगळ्यांचे सारखे असतील."

दोघींनी अर्ज भरले. निवडीसाठी म्हैसूरला या, अशी पत्रं दोघींना आली. आजवर मी सगळ्यांना सांगत आले की माझ्या चष्म्याचा नंबर आडवा आला. खरं असं की वडील 'बघू' म्हणाले होते. 'नाही' म्हणालेच नव्हते. त्यांच्या त्या 'बघू'चं मी स्वतःच 'नाही' करून घेतलं, कारण मला भीती वाटत होती. जनाबाय तर सरळ विरोधात होती. "मुंबयच्या पुढं आपलं कोन हाय गो?" असं म्हणून दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच सोड्यांचं सुकं आणि तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. मुरुडच्या स्टँडवर मी दमयंतीला एसटीत बसवून दिलं. ती खिडकीतून म्हणाली, "पुढच्या वेळी तू पण चल." पुढची वेळ आली नाही. ती निवडली गेली, हैदराबादजवळ प्रशिक्षणाला गेली, आणि त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. माझा नवरा सुहास तेव्हा अलिबागच्या कोर्टात कारकून होता. माझ्या लग्नाला ती प्रशिक्षणामुळे आली नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

तिला शिक्षण शाखा मिळाली, आणि पुढं कुठल्याशा चाचणीत तिचे कान कुणाच्या तरी लक्षात आले. तिला डोंगरातल्या एका लष्करी भाषाशाळेत चिनी शिकायला पाठवलं. सुट्टीवर आली की ती आमच्या अलिबागच्या घरी एक दिवस राहायची. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून भाजी निवडता निवडता सांगायची, "यात एकच अक्षर चार सुरांत म्हटलं की चार वेगळे शब्द होतात. बरोबरची मुलं रडकुंडीला आली. मला आयचं 'नाय' आठवलं. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की ती 'नाय' म्हणते, तेव्हा एक 'नाय' म्हणजे अजून बोल, एक म्हणजे उठ आता, एक म्हणजे तू ओळखीची आहेस म्हणून देते... मी अर्धी चिनी टोपलीमागं चालताना शिकले होते, अलके." त्या वर्गात ती पहिली आली. मग पूर्वेकडं नेमणुका झाल्या. काम काय, तर यंत्र कानाला लावून ऐकायचं आणि कागदावर उतरवायचं, एवढंच ती सांगायची. काय ऐकायचं, कुणाचं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं.

जनाबायला हे पटवणं कठीण होतं. हवाई दलात आहे आणि विमान चालवत नाही, म्हणजे काय? तिनं कोळीवाड्यात सांगून टाकलं, "माजी पोर इमान चालवते." वरून विमानाचा आवाज आला की ती टोपली खाली ठेवून कपाळावर हात धरून बघायची आणि गिऱ्हाइकाला थांबायला लावायची. दमयंतीनं ते कधी दुरुस्त केलं नाही. "राहू दे गं," ती मला म्हणायची, "तिला मी दिसते तरी तिथं." जनाबाय गेली तेव्हा दमयंती पूर्वेला होती. तिसऱ्या दिवशी पोचली. आमच्या घरी येऊन तिनं पायातले बूट काढले आणि बराच वेळ ते तसेच हातात धरून बसली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ते झालं, ज्यासाठी मी खरं तर हा लेख लिहायला बसले.

तिची चौदा वर्षं संपत आली होती. त्या काळी तिच्यासारख्या बायकांची भरती ठरावीक वर्षांसाठी होत असे, पुढं कायम होता येत नसे. नियम होता, आणि सही करताना तो तिला माहीत होता. पण त्यांच्यातल्या काहीजणींनी ठरवलं होतं की हा नियम मान्य करायचा नाही. ती सुट्टीवर आली होती. माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "आमच्यातल्या सात-आठ जणी कोर्टात जातायत. मला विचारलंय. सही करायची तर या महिन्यात केली पाहिजे."

"तुझं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"मला दुसरं काही येत नाही गं. हेच येतं. आणि हे बाहेर कुणाला लागत नाही." मग म्हणाली, "सुहासराव कोर्टात आहेत. त्यांना विचारशील, अशा केसचं पुढं काय होतं?"

"विचारते की," मी म्हटलं.

ती मुरुडला गेली. संध्याकाळी सुहास घरी आला, आम्ही चहा घेतला, मुलीच्या शाळेबद्दल बोललो. मी विषय काढला नाही. विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दमयंतीला फोन केला आणि म्हणाले, "ते म्हणाले, वीस-वीस वर्षं नुसत्या तारखा पडतात. सरकारशी भांडून कुणाचं भलं झालंय? ते म्हणाले, दगडावर डोकं आपटण्यातला प्रकार आहे."

"असं म्हणाले?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिनं सही केली नाही.

मी हे का केलं? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होते, तिच्या भल्यासाठी. कोर्टकचेरीत तिचं आयुष्य जाऊ नये म्हणून. नंतर म्हणायला लागले, मला ती परत हवी होती म्हणून. तेही खरं होतं. पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. दर सुट्टीला ती माझ्या घरी ताठ बसायची, चार वाक्यांत निर्णय सांगायची, आणि ती गेल्यावर माझं घर मला लहान वाटायचं. तिनं माझ्यासारखं व्हावं, असं मला वाटत होतं. एसटीच्या वेळा बघणारी, कुणाच्या तरी 'बघू'वर थांबणारी. मला ती माझ्या बाकावर हवी होती.

ती आली. नामदेवनं घराच्या वरच्या मजल्यावर, जाळी ठेवायच्या जागेशेजारी, एक खोली तिला दिली. आधी तिनं मुलांना इंग्रजी शिकवलं. मग रोह्याच्या बाजूला एका कारखान्यात चिनी यंत्रं बसवत होते, तिथं ती दोन वर्षं दुभाषी होती. पुढं दोन देशांचं बिनसलं, तिकडचे इंजिनियर येईनासे झाले, ते काम संपलं. शेवटी तिची भाषा उपयोगी पडली ती कोळीवाड्याला. बोटींवर मासळी शोधायची चिनी यंत्रं आली होती, स्वस्त, आणि त्यांच्या पडद्यावर सगळी चिनी अक्षरं. तांडेल, म्हणजे बोट नेणारे लोक, यंत्र पिशवीत घालून तिच्याकडे यायचे. ती बटणांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवून द्यायची, 'खोली', 'तळ', 'आवाज कमी'. लोक तिला 'चायनाताई' म्हणायला लागले, प्रेमानंच. मग करोनाची साथ आली आणि त्या नावातलं प्रेम गेलं. बाजारात एक जण तिच्यापासून दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, "तुम्ही चायनावाल्या ना?" हे तिनं मला हसत सांगितलं होतं. "चौदा वर्षं ज्यांच्यासाठी कान लावून बसले," ती म्हणाली, "त्यांनी मला चायनावाली केली. आणि वास येत असल्यासारखी माणसं पुन्हा लांब उभी..."

मधल्या काळात तो निकाल लागला होता. ज्या भांडल्या होत्या त्यांचं म्हणणं मान्य झालं. बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर होती. सकाळी नऊला तिचा फोन आला.

"पेपर बघितलास?"

"हो," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. तेवढंच. त्या 'बरं'चा सूर मी ओळखला नाही, किंवा ओळखायचं टाळलं.

जाण्याच्या महिनाभर आधी ती तपासणीसाठी अलिबागला आली होती. आजार कळला तेव्हाच बराच पुढं गेला होता. भाचा तिला आमच्याकडे सोडून औषधं आणायला गेला. दुपारची वेळ, सुहास झोपला होता. ती इतकी वाळली होती की स्वयंपाकघरातल्या त्याच खुर्चीत तिच्या दोन्ही बाजूंना जागा उरत होती. चहा जात नव्हता म्हणून मी पेज केली. ती चमच्यानं ढवळत बसली. तिला आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे मला कळत होतं.

"दमे," मी म्हटलं, "सुहासला मी विचारलंच नव्हतं."

"कधी?"

"तेव्हा. कोर्टाचं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

तिनं चमचा वाटीत ठेवला. "तू फोनवर दोनदा 'ते म्हणाले' म्हणालीस. माझ्याशी बोलताना तू नवऱ्याला 'ते' कधी म्हणतेस? 'सुहास' म्हणतेस. लग्न झाल्यापासून. मी फोन ठेवायच्या आधीच ओळखलं, हे सुहासरावांचं बोलणं नाही."

"मग माझं का ऐकलंस?"

"तुझं कुठं ऐकलं? तू खोटं बोलतेयस, ते ऐकलं." तिला दम लागत होता, ती थांबून थांबून बोलत होती. "म्हटलं, हिला मी इथं इतकी हवी आहे की त्यासाठी ही खोटं बोलतेय. आय नव्हती. नामदेव त्याच्या संसारात. त्या वर्षी दुसऱ्या कुणाला मी कुठं हवी होते, सांग बघू? म्हणून आले." मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चौदा वर्षं तेच काम केलं. माणूस काय बोलतं, त्याच्यामागं काय आहे. आणि घरचंच चुकीचं वाचलं."

"चुकीचं कसं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मी आल्यावर तू दोन-दोन महिन्यांनी यायचीस, अलके. तेही घड्याळ बघत."

मी म्हटलं, "मला माफ कर." "पेज गार होतेय," ती म्हणाली, आणि तिनं दोन चमचे घेतले. इतक्यात भाचा औषधं घेऊन आला. जाताना ती दारात थांबेल, काही बोलेल, असं मला वाटत होतं. ती जिन्याचा कठडा धरून सावकाश उतरली. तिनं मला माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. मला वाटतं, नाही केलं. आणि तिच्या जागी मी असते तर मीही केलं नसतं.

शोकसभेनंतर पंधरा दिवसांनी मी पुन्हा मुरुडला गेले. सुनंदानं बोलावलं होतं. खोली रिकामी करायची होती, माझी काही पुस्तकं असतील तर घेऊन जा म्हणाली. एवढ्या वर्षांत मी त्या खोलीत एकदाही वर गेले नव्हते. नेहमी खालच्या ओटीवर बसून परत फिरायचे. लोखंडी खाट, चादरीची टोकं गादीखाली ताणून खोचलेली, भिंतीला लागून पुस्तकं, खिडकीशी एक खुर्ची. टीव्ही नव्हता, साधा रेडिओसुद्धा नव्हता. खिडकीला पडदा होता आणि तो ओढून घेतलेला होता. बंदराकडची खिडकी आणि पडदा कशाला, म्हणून मी विचारलं.

"ती बघायची न्हाय, ऐकायची," सुनंदा म्हणाली. "संध्याकाळी इथं बसायची डोळं मिटून. बोटी यायला लागल्या का मी खालून इचारायची, आमची आली का गो? मंग ती सांगायची, न्हाय, ही दुसऱ्याची, आपल्या इंजिनाचा आवाज जाड हाय. तिच्या सांगन्यावर मी चुलीवर तांदूळ टाकायची. एकदा पन चुकली न्हाय."

सुनंदा खाली गेली. मी त्या खुर्चीत बसले. पुस्तकांत माझं एकही नव्हतं. ऊन उतरत होतं, बंदरातून बोटींचे आवाज यायला लागले होते, एक, मग दुसरी, मग तीन-चार एकदम. मासळीचा लिलाव करणाऱ्या बायकांचा गलका वाढला. खाली भांड्यांचा आवाज झाला, आणि सुनंदानं सवयीनं, कोण वर बसलंय हे क्षणभर विसरून, हाक मारली,

"आली का गो आपली?"

मी डोळे मिटले आणि ऐकायचा प्रयत्न केला. मला सगळी इंजिनं सारखीच ऐकू येत होती. खालून पुन्हा हाक आली नाही. थोड्या वेळानं जिन्यावर तिची पावलं वाजली. ती आत आली, माझ्याकडे न बघता खिडकीशी गेली, आणि पडदा बाजूला सारून स्वतः बघू लागली.